११. सिस्टर दाराबाहेर

टॅक्सीवाल्याला सिस्टर सांगून आली होती, "दहा मिनिटं थांबा, लेक आणि नात घेऊन येतेच." दहा मिनिटांच्या वर कुठल्याच कामाला लागू नयेत, हा तिचा सव्वीस वर्षांचा हिशोब. बाळंतिणींच्या वॉर्डाची ती हेड सिस्टर. वॉर्डात तिला सिस्टर म्हणत यात नवल नाही. पण घरीदारीही सगळे सिस्टरच म्हणत. नवरा म्हणे, जावई म्हणे, विहीणबाई म्हणत, पेपर टाकणारा म्हणे. पाठची बहीणसुद्धा 'ताई' म्हणता म्हणता कधी सिस्टरवर आली ते दोघींनाही कळलं नव्हतं. अपवाद एकच, लेक. ठकी. जगात तिला 'आई' म्हणणारं तेवढं एकच तोंड होतं.

तीन जिने ती एका दमात चढली. तिच्या एका हातात उशी, दुसऱ्या हातात पिशवी. मागून नवरा येत होता, बाळाची टोपली छातीशी धरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अख्ख्या गावाला स्पष्ट दिसावं याची त्याला काळजी, स्वतः मात्र पायरी सोडून सगळीकडे बघत चालायचा.

"अहो, पायाखाली बघा. टोपली रिकामी आहे म्हणून ठीक, येताना भरलेली असेल."

"येताना तूच धर मग."

सिस्टर खुशीत होती. महिन्याभराची रजा! तिचा अर्ज बघून मोठ्या डॉक्टरांनी तारीख दोनदा तपासली होती, म्हणे हे एप्रिल फूल तर नाही ना. घरी तिने मधली खोली पुसून, खाट खिडकीशी ओढून, पडदे धुऊन ठेवले होते. अकरा दिवसांची ओली बाळंतीण आपल्या हाताखाली महिनाभर राहिली की टवटवीत होऊन जाईल, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. बाळंतपण तिनेच केलं होतं, स्वतःच्या वॉर्डात, स्वतःच्या हातांनी. दुपारी दोन चाळीसला मुलगी, दोन किलो नऊशे. सगळं कसं नियमात.

घरात शिरली तर बाहेरच्या खोलीत सभा भरलेली. विहीणबाई सोफ्यावर उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होत्या. तळमजल्यावरची लाँड्री त्यांची. त्यांना रिकाम्या हातांनी बसताच येत नसे, त्या पाहुण्यांचे रुमालसुद्धा घडी घालून परत देत. त्यांच्याशेजारी सिस्टरची धाकटी बहीण, म्हणजे ठकीची शिवणवाली मावशी, बशीतून चहा पीत होती. जावई भिंतीला टेकून उभा होता, तीन दिवसांची दाढी वाढलेला. तो लिफ्टचा मेकॅनिक होता, अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम. आज त्याचा चेहराच दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखा दिसत होता.

आणि ठकीच्या खोलीचं दार बंद.

"झोपलीय?" सिस्टरने विचारलं.

"जागी आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"मग?"

"कडी लावलीय."

"आतून?"

"बाहेरून लावायला आम्ही काय जेलर आहोत, सिस्टर?"

मावशी चहात फिस्सकन हसली. सिस्टरने तिच्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी असती तर बशी खाली ठेवून उभी राहिली असती. मावशीने आणखी एक घोट घेतला.

सिस्टरने दारावर दोनदा टकटक केली आणि सवयीने लगेच मूठ फिरवली. दार हललं नाही.

"ठकी, चल गं. टॅक्सी उभी आहे."

आतून आवाज आला, "मी येत नाहीये, आई."

"बरं, पंधरा मिनिटं घे."

"येतच नाहीये. इथेच राहणार."

"इथे? आणि तुझं बघणार कोण?"

"बघतायत."

सिस्टर वळली. विहीणबाई अभ्र्याची कडा कडेला जुळवत होत्या, फारच मन लावून. मग त्या उठल्या, सिस्टरला कोपराला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी तुम्हाला फोनवर नाही सांगितलं. सकाळपासून ताप आहे. एकशे एक. आणि डाव्या बाजूला दूध साकळलंय. दगड झालाय हो नुसता, वर लाल चट्टा. मी बघितला तो पाजताना, चोरून."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हटलं की रडायला लागते. कुणाला हात लावू देत नाही. मला आत घेते, याला घेते. पण तुम्ही येणार म्हटल्यावर कडी."

हे शेवटचं वाक्य सिस्टरने ऐकलं, पण ते कानातच ठेवलं, आत जाऊ दिलं नाही. तिच्या डोक्यात एकशे एक आणि लाल चट्टा एवढंच फिरत होतं. असल्या तापाला आज बघितलं तर औषधाने उतरतो, आणि दोन दिवस घालवले तर गाठ पू धरते, चिरा द्यावा लागतो. तिने असे चिरे बघितले होते. ठकीच्या अंगावर तो आलाय असं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिने डोळे घट्ट मिटले.

"लाडावलीय," ती मोठ्याने म्हणाली, आत ऐकू जाईल अशी. "अकरा दिवस झाले, अजून बाळंतपण मिरवतेय. आम्ही नाही झालो बाळंत?"

"झालो की," विहीणबाई म्हणाल्या. "मी चौथ्या दिवशी इस्त्री धरली होती."

"ऐकलंस?" सिस्टर दाराला म्हणाली. "आणि मी! मला तर तोंडातून आवाज काढायची चोरी. टॉवेल चावला मी, टॉवेल! पण हूं नाही केलं. विचार तुझ्या मावशीला."

टॉवेलची गोष्ट या घराण्यात कुणाला माहीत नव्हती? लग्नात सांगितली जायची, आजारपणात सांगितली जायची, ठकीने दहावीला गणितात रडारड केली तेव्हाही सांगितली गेली होती. वॉर्डातल्या प्रत्येक बाईला सिस्टर ती सांगायची. मी शिकाऊ नर्स होते, याच वॉर्डात बाळंत झाले, टॉवेल चावला पण ओरडले नाही. आणि तुम्ही बघा! ठकी लहानपणी ती गोष्ट ऐकताना स्वतःच्या फ्रॉकची कड दातांत धरून बघायची.

मावशीने बशी खाली ठेवली.

"विचारू नकोस ठकी," ती म्हणाली. "मी न विचारताच सांगते."

"तू चहा पी."

"चहा संपला. सिस्टर, तू टॉवेल चावला नव्हतास."

"काय बोलतेस?"

"कोंबला होता. तुझ्या त्या मोठ्या सिस्टरने. तू ओरडत होतीस ना, म्हणून. मी सतरा वर्षांची होते, बाहेर बाकावर बसले होते. तुझा आवाज येत होता, येत होता, आणि एकदम बंद झाला. मला वाटलं, गेलीस तू." मावशी दम खायला थांबली. नेहमी सुईसारखी टोचणारी बाई, पण आता तिचा आवाज कापडासारखा फाटत होता. "आठ दिवसांनी मोरीत मी तुझ्या डोक्यावर पाणी घालत होते तेव्हा तूच सांगितलंस. श्वास कोंडला, मेले असं वाटलं, म्हणालीस. रडत होतीस. पुढच्या वर्षी तीच गोष्ट चावल्याची झाली. मी गप्प बसले. म्हटलं, हिला तशीच बरी वाटत असेल तर राहू दे."

नवऱ्याने टोपली हळूच जमिनीवर टेकवली.

सिस्टरचे कान गरम झाले. वॉर्डात पंख्याखाली उभी राहून दोन दोन तास घाम न येणारी बाई ती, तिच्या पाठीवरून धार निघाली. विहीणबाईंसमोर! जावयासमोर! घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, इथे घोडं घरातूनच सुटलं होतं. आणि राग आला की सिस्टरला एकच गोष्ट यायची. काम.

"बस झाली कीर्तनं," ती म्हणाली. "पोरीला ताप आहे आणि तुम्ही इथे जुनं उकरताय. जावईबापू, दार निघेल?"

जावयाने दाराच्या कडेकडे पाहिलं. "बिजागऱ्या बाहेरच्या बाजूने आहेत. तीन मिनिटांत निघेल. पण सिस्टर..."

"पण काय? ताप डोक्यात गेल्यावर काढणार आहात?"

तो पिशवीशी गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि मान खाली होती. विहीणबाई म्हणाल्या, "अरे, पण तिला सांग तरी." सिस्टर म्हणाली, "सांगितलं तर आतून कपाट लावेल." हे ती नेहमी म्हणायची. सांगितलं तर अंग आवळून घेतात. सांगितलं तर घाबरतात. न सांगता पटकन उरकलेलं बरं.

वरच्या बिजागरीत स्क्रू-ड्रायव्हर बसला. किर्र झालं. पुन्हा किर्र.

"कोण आहे?" आतून ठकी म्हणाली. "काय करताय?"

कुणी बोललं नाही. किर्र.

"काय करताय तुम्ही? मला सांगा तरी! सांगा ना, काय करताय?"

सिस्टरचा हात आपोआप जावयाच्या मनगटावर पडला.

हा आवाज तिला ठाऊक होता. ठकीचा म्हणून नव्हे. ठकी कशी रडते, चिडते, खोटं बोलते ते सगळं तिला पाठ होतं. हा वेगळा आवाज. खाटेवर आडवी पडलेली बाई, पोटाच्या पलीकडचं तिला दिसत नाही, तिकडे चार माणसं काहीतरी करतायत, हत्यारांचा आवाज येतोय आणि कुणी बोलत नाहीये, तेव्हा ती या आवाजात विचारते. शंभर बायका असतील, सगळ्यांचा आवाज इथे येऊन एकसारखा होतो. सिस्टरने तो इतक्यांदा ऐकला होता की तिला तो ऐकूच यायचा बंद झाला होता, जसा फ्रिजचा आवाज घरातल्यांना येत नाही. आज ती दाराच्या दुसऱ्या बाजूला होती आणि आला.

"लावा तो स्क्रू परत," ती म्हणाली.

"सिस्टर?"

"लावा म्हटलं ना. घट्ट लावा." मग दाराकडे तोंड करून, "ठकी, दार काढत होतो आम्ही. मीच सांगितलं होतं. आता नाही काढत. परत बसवतोय. तो आवाज बसवण्याचा आहे."

आतून हुंदका आला आणि त्यापाठोपाठ बाळाचं कुरकुरणं.

सिस्टर खाली बसली. सरळ फरशीवर, दाराला खांदा लावून. ती अशी जमिनीवर बसलेली कुणी बघितली नव्हती. तिच्या गुडघ्यांनी दोन्हीकडून तक्रार केली. नवरा म्हणाला, "टॅक्सीवाल्याला जा म्हणून सांगतो," आणि टोपली तिथेच ठेवून जिना उतरून गेला.

"ठकी, डॉक्टरला दाखवायला हवं गं. मी चिडून नाही सांगत. त्याचं पुढे काय होतं ते मी बघितलंय."

"मला माहितीय. वाचलं मी."

"मग उघड ना."

"एका अटीवर." ठकी दाराच्या अगदी जवळ आली असावी, आवाज लाकडातून येत होता. "त्या दिवशी वॉर्डात तू मला काय म्हणालीस ते सांग. मग उघडते."

सिस्टर आठवू लागली. त्या दिवशीच्या नोंदी तिला पाठ होत्या. तीन खाटा भरलेल्या, एक नर्स आजारी, ठकी चार नंबरवर. कळा कधी वाढल्या, बाळाचे ठोके कधी मंदावले आणि पुन्हा कधी सावरले, टाके किती पडले. सगळं. आपण काय म्हणालो? तिथे पाटी कोरी.

"तू सांग ना, काय म्हणाले मी."

"नाही. तू."

"असं कसं गं... 'ओरडू नकोस, ताकद वाया जाते' म्हणाले असेन."

"म्हणालीस. ते नाही."

"'नाटकं बंद कर.'"

"तेही म्हणालीस. ते नाही."

सिस्टरने खोलीकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. "'पाय हलवलास तर बांधून ठेवीन.'"

विहीणबाईंच्या हातातली घडी अर्ध्यावर राहिली. "पोरीला?" त्या पुटपुटल्या.

"सगळ्यांनाच म्हणते हो," सिस्टर म्हणाली, आणि हे बोलताना आपण बचाव करतोय की कबुली देतोय ते तिचं तिलाच कळेना.

"ते नाही," ठकी म्हणाली. "अजून."

"'बाकीच्या बघ कशा गप पडल्यात.'"

"अजून."

"'चार नंबर, इकडे बघ.' नंबरने हाक मारली असेन. सवय असते तिथे." एकेक वाक्य बाहेर येत होतं, आणि वॉर्डात जे पंख्याच्या घरघरीत विरून जायचं ते इथे, धुतलेल्या कपड्यांच्या वासात, मावशीच्या रिकाम्या बशीशेजारी, उघडं पडून राहत होतं. "एक आहे अजून. ते जावईबापूंसमोर म्हणवत नाही मला."

"'तेव्हा नाही का ओरडलीस?' ते ना?"

जावई झटकन खिडकीकडे वळला.

"ते मला नाही म्हणालीस," ठकी म्हणाली. "पलीकडच्या खाटेवरच्या मुलीला म्हणालीस. एकोणीस वर्षांची होती, आई. तिने त्यानंतर ओरडणं बंद केलं आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं मी तुझी मुलगी आहे. मला इतकी लाज वाटली की माझी कळ आली तेव्हा मीपण तोंड दाबून धरलं. टॉवेलसारखं."

मावशीने डोळ्यांना रुमाल लावला.

"हरले मी, ठकी," सिस्टर म्हणाली. "मला नाही आठवत. मी रोज बोलते गं. रोज बोललेलं कुणाला आठवतं?"

"मी सांगू?"

"सांग."

"मी 'आई गं, आई गं' करत होते. सगळ्याच करतात. पण बाकीच्यांच्या आया बाहेर बाकावर होत्या, माझी तिथेच होती ना. मी म्हटलं, आई, हात धर. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'इथे आई कोणी नाही. सिस्टर म्हण.'"

सिस्टरला तेही आठवलं नाही. तेच सगळ्यात वाईट होतं. पण आपण ते म्हणालोच असू, याबद्दल तिला शंका उरली नाही. ते वाक्य तिच्या मापाचं होतं.

"तिथे सगळे बघत होते," तिने सुरुवात केली. "घरच्यांना एक आणि बाहेरच्यांना एक असं मी कधी..." आणि ती मध्येच थांबली. हे खरं होतं, पण खोटंही होतं. वॉर्डात ती कुठलंही वाक्य अर्ध्यावर सोडत नसे. इथे तिने ते सोडून दिलं आणि दुसरं हातात घेतलं. "मी भ्याले होते. ठोके मंदावले होते बाळाचे, दोन मिनिटं. तुझा हात धरला असता तर माझे हात कापायला लागले असते."

"मग ते सांगायचंस. मी पण भ्यालेच होते."

"हो."

"टाके घातलेस ते मला घरी आल्यावर कळलं. बसताना."

एरवी मावशी हसली असती. नाही हसली.

"आणि ही जन्मली ती मला दिसलीच नाही. पाय दिसले फक्त. दोन तास कुठे होती ही?"

"पलीकडच्या टेबलावर. वजन, पुसणं, गुंडाळणं. मग वेळ होईपर्यंत तिथेच. नियम आहे."

"कुणाचा?"

सिस्टरच्या डोळ्यांपुढे वॉर्डातला फळा आला. पांढऱ्या रंगाने लिहिलेल्या आठ ओळी. सहावी ओळ: बाळ दोन तासांनी आईकडे दिले जाईल. सुंदर, गोलाकार, वळणदार अक्षर. मोठे डॉक्टर पाहुण्यांना दाखवायचे.

"माझाच," ती म्हणाली.

"का?"

"दोघी असतो आम्ही, खाटा आठ. एका टेबलावर सगळी बाळं ठेवली की नजर राहते." तिने जरा विचार केला. "आईजवळ ठेवली असती तर आयांनीच ठेवली असती नजर. इतकी वर्षं सुचलं नाही मला."

"मला दोन तास कुणी दिली नाही ना," ठकी म्हणाली, "आता कुणाला द्यायची ते मी ठरवणार. म्हणून कडी."

"बरोबर आहे तिचं," विहीणबाई एकदम म्हणाल्या. घड्यांचा ढीग त्यांनी बाजूला सारला होता. "इस्त्री धरली होती मी चौथ्या दिवशी, फार बढाई मारते. धरली, कारण कुणी विचारलं नाही, धरवते का म्हणून. ठकी, तुला यायचं नसेल तर कुठे जाऊ नकोस. मी आहे. लाँड्री गेली खड्ड्यात."

"आई, लाँड्री बंद ठेवशील?" जावई खिडकीशी उभ्यानेच म्हणाला, थक्क होऊन.

"तू चालव. लिफ्ट चालवतोस ना?"

सिस्टरला घर आठवलं. मधली खोली, खिडकीशी ओढलेली खाट, धुतलेले पडदे. महिन्याची रजा. तिने ते सगळं मनातल्या मनात उचललं आणि बाजूला ठेवलं. जड होतं.

"राहा इथेच," ती दाराला म्हणाली. "विहीणबाई चांगलं करतील. कदाचित माझ्यापेक्षा बरं. पण ताप दाखव, ठकी. कुठल्या डॉक्टरला ते तू सांग."

आत बाळ चुटुचुटु काहीतरी करत होतं.

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई पाचला बसतात," जावई म्हणाला. "मी नंबर लावून येतो. मी आत येईन तुझ्याबरोबर. या वेळेला कुणी बाहेर बस म्हटलं तरी येईन."

"लाव," ठकी म्हणाली. मग जरा वेळाने, "आई, तू पण चल. पण तिथे तू सिस्टर नाहीस. त्यांना काही सांगायचं नाही, कसं बघा, काय लिहा."

"नाही सांगणार."

"जीभ चावून बसशील?"

"नको गं, चावायचं बास झालं," मावशी मागून म्हणाली. "गप्प बसेल. मी बसते हिच्या शेजारी, चिमटे काढायला."

आत कुणीतरी हसलं, नाक ओढत. आणि कडी सरकली.

सिस्टर उठली, गुडघ्यांमुळे जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात दार तिच्यासमोर वीतभर उघडून थांबलं होतं. त्या फटीतून आत शिरणं सहज जमलं असतं. ती तशीच उभी राहिली.

"येऊ का?"

"ये."

खोलीत पडदे ओढलेले होते. ठकी परत खाटेवर जाऊन बसली होती, मागे तीन उशा, उजव्या मांडीवर बाळ. तिचे गाल तापाने लाल झाले होते, केस मानेला चिकटलेले. गाउनची बटणं सुटलेली होती आणि डाव्या बाजूचा तो चट्टा सिस्टरला दारातूनच दिसला, तळहाताएवढा. केवढं दुखत असेल ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या बोटांना सगळं ठाऊक होतं: कपाळ, नाडी, मग चट्ट्याच्या कडेने दाबत जायचं, कुठे मऊ लागतं का बघायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. बोटं निघालीसुद्धा. कपाळापासून वीतभर अंतरावर तिने ती अडवली.

"हात लावू?"

ठकीने वर पाहिलं. आईकडे, मग त्या हाताकडे. तिने बाळाचं डोकं सावरलं, पाठीमागची उशी ओढून नीट केली, डोळे मिटले, उघडले. घाई कसलीच नव्हती तिला.

"थांब," ती म्हणाली.

सिस्टर थांबली. हात तसाच हवेत. खाली रस्त्यावरून गाडी गेली, जावई चपला घालून जिना उतरल्याचा आवाज आला, बाळाने एकदा पाय झाडला. हाताला रग लागायला लागली. सव्वीस वर्षांत तिला 'थांबा' म्हणणाऱ्या किती झाल्या असतील? तिने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"काय गं ताई?" मावशीने बाहेरून विचारलं. "काय चाललंय? बघितलंस का?"

"नाही अजून," सिस्टर म्हणाली. "थांबलेय मी."